गालापागोस बेटांवरचे निसर्गपर्यटन

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटरवरील गालापागोस बेटांवर पूर्वी जहाजे थांबत ती कासवांसाठी. ही महाकाय कासवे अन्नपाण्याविना महिनोन्महिने जगत, म्हणून देवमाशांचे शिकारी ती खाण्यासाठी जिवंतच जहाजाच्या तळात रचून ठेवत. काही बेटांवरची कासवे त्यामुळे कायमची संपली. ही हानी कधीच भरून येणारी नाही. त्याच काळात, 1835 मध्ये, निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन येथे पाच आठवडे होता. पुढे 1959 मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1960च्या दशकाअखेरीस पर्यटकांच्या बोटी नियमित येऊ लागल्या. झाडाएवढे उंच निवडुंग, वाटेतच अंडी उबवणारे निळ्या पायांचे बूबी पक्षी हे सारे पाहायचे ते परवानाधारक मार्गदर्शकाबरोबर, आखलेल्या पायवाटेवरून आणि प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहून. बोटींचे मार्गही उद्यानच ठरवते.