‘मेट्रोपोलिस’वर कात्री कोणाची?

बर्लिनच्या सेन्सॉरने १३ नोव्हेंबर १९२६ रोजी फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ची लांबी नोंदवली ती ४१८९ मीटर. १० जानेवारी १९२७ रोजी त्याचा पहिला खेळ झाला. ऑगस्टमध्ये हाच चित्रपट जर्मन पडद्यावर परतला तो ३२४१ मीटरचा होऊन. मधले ९४८ मीटर कोणी काढले?

संशय अमेरिकेवर जातो, तो निराधार नाही. चित्रपटाची निर्माती असलेल्या, कर्जात बुडालेल्या उफा कंपनीने डिसेंबर १९२५ मध्ये पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविनशी ‘पारूफामेट’ करार केला. चाळीस लाख डॉलरचे कर्ज मिळाले; बदल्यात उफाची चित्रपटगृहे अमेरिकी चित्रपटांना खुली झाली. पॅरामाउंटने ‘मेट्रोपोलिस’ नाटककार चॅनिंग पोलॉक यांच्याकडे सोपवला. त्यांच्या आवृत्तीतून हेल ही मृत स्त्री गेली आणि तिच्यावरून संशोधक रोटवांग व नगराचा सत्ताधीश फ्रेडरसन यांच्यात पेटलेले वैरही गेले. इथवर सारे निश्चित आहे.

मात्र ऑगस्टच्या जर्मन आवृत्तीची बांधणीही पोलॉक यांच्या आवृत्तीशी जुळते. दरम्यान उफाची मालकी जर्मन वृत्तपत्रसम्राट आल्फ्रेड हुगेनबर्ग यांच्याकडे गेली होती. यावरून अनुमान निघते ते असे: छाटणीची आखणी अमेरिकेत झाली, पण घरच्या प्रेक्षकांसाठी कात्री चालवली ती उफानेच.

काय गेले, हे आधी कागदांनी सांगितले. सेन्सॉरपत्रावर पडद्यावरील पाट्यांचा मजकूर होता. गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या संगीतलिपीत दृश्यांच्या हजाराहून अधिक खुणा होत्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर हरवलेल्या प्रसंगांचा क्रम लागत होता. चित्र मात्र नव्हते.

ते २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात मिळाले. एका अर्जेंटिनी वितरकाने छाटणीपूर्वीची प्रत नेली होती. तिच्यावरून पुढे काढलेली १६ मिलिमीटरची निगेटिव्ह तिथे होती. ओरखड्यांनी भरलेली, चौकटीच्या कडा कापलेली. तरी तिच्यातून सुमारे २५ मिनिटे परत आली. फ्रेडरसनचा कृश हेर, कामगार ११८११ आणि फ्रेडरसनचा बडतर्फ सचिव योसाफाट यांच्या भूमिकांना पुन्हा अर्थ आला. कागदांवरून लावलेला क्रम आता चित्राशी ताडून पाहता आला.

साधूचे प्रवचन आणि रोटवांग-फ्रेडरसन झटापट हे प्रसंग तिथूनही वापरण्याजोगे मिळाले नाहीत. २०१० च्या पुनर्रचित आवृत्तीत त्यांच्या जागी मजकुराच्या पाट्या आहेत. त्यामुळे पुरावा कुठे संपतो, हे प्रेक्षकालाही कळते. एक गोष्ट मात्र पक्की झाली: ज्या परदेशी व्यापारापायी ‘मेट्रोपोलिस’ कापला गेला, त्याच व्यापाराच्या दुसऱ्या वाटेने त्याची जवळजवळ पूर्ण प्रत वाचली.