काठीऐवजी फोन

नागपंचमीला विदर्भातल्या कितीतरी घरांत चुलीवर तवा चढत नाही, विळीवर भाजी चिरली जात नाही आणि शेतात वखर फिरत नाही. याच सुमारास नागपुरातून हजारो भाविक पचमढीच्या डोंगरात नागद्वाराच्या यात्रेला निघतात. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाणारी ती वाट वर्षातले मोजकेच दिवस खुली असते. पण एवढ्यावरून नागपूरकर सापाचा जुना मित्र ठरत नाही. पंचमीला वारुळाशी दूध-लाह्या ठेवणारा माणूस षष्ठीला न्हाणीत निघालेला साप काठीने ठेचत असे, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नसे. पूजा नागदेवतेची होती. ठेचले जाई ते जनावर. बिनविषारी धामण, दिवड, कवड्या यांच्या वाट्याला तर पूजाही नव्हती, फक्त काठी होती. म्हणून मला असे वाटते की, या शहरात सापाबद्दलची वागणूक बदलली ती श्रद्धा वाढल्याने नव्हे आणि घटल्यानेही नव्हे. मारण्याला हाताशी येईल असा पर्याय मिळाला, तेव्हा ती बदलली.

सरकारने तरी काय वेगळे केले होते? १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. त्या काळात ब्रिटिश सरकार साप मारणाऱ्याला बक्षीस देई आणि किती मारले याचे तक्ते दरवर्षी छापी. या धोरणाचा कळस आपल्याकडे कोकणात दिसला. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारल्याची नोंद आहे. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते सरकारी खर्चाने झाले. फुरसे कोकणात आजही आहे. स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, गारुड्याची टोपली हळूहळू रस्त्यावरून हटली. दात काढलेला, उपाशी-तहानेला ठेवलेला नाग पंचमीला दूध पितो हे कौतुक त्याबरोबर ओसरले, ते बरेच झाले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग आणि धामणही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. कायदा सांगतो मारू नका. पण रात्री अकरा वाजता गॅसच्या सिलिंडरमागे घोणस बसली असेल तर करायचे काय, हे कायद्याच्या पुस्तकात कसे सापडणार?

हा प्रश्न नागपुरात जास्त तीव्र झाला, कारण शहर शेतात शिरले. बेसा, हुडकेश्वर, मनीषनगर या भागांत काळ्या मातीच्या वावरांवर लेआउट पडले. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, भेगांत उंदीर असतात आणि उंदरांमागे साप. पावसाळ्यात बिळे पाण्याने भरली की तोच साप रिकाम्या प्लॉटवरून शेजारच्या जिन्याखाली येतो. फोन केला की येऊन साप न मारता पकडून नेणारी, सर्पमित्र नावाची व्यक्ती या गरजेतून उभी राहिली. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर सापांसोबत बहात्तर तास राहून आणि पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभारून महाराष्ट्रातल्या तरुणांना ही वाट दाखवली होतीच. नागपुरात तिला वनखात्याच्या सेमिनरी हिल्सवरील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरची जोड मिळाली. जखमी जनावर आता कुठे न्यायचे हे ठरलेले आहे. जाणता सर्पमित्र शेपूट धरून साप हवेत फिरवत नाही. तो पाइपच्या एका तोंडाला कापडी पिशवी बांधतो, दुसरे तोंड सापासमोर ठेवतो आणि आकड्याने त्याला अलगद वळवतो. सापाला समोर अंधारे बीळ दिसते आणि तो आपणहून आत सरकतो. बघ्यांना यात मजा वाटत नाही. काम मात्र झालेले असते. मग दारात उभ्या घोळक्याला, मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि कवड्याचे मानेकडे ठळक, हे पाच मिनिटांत समजावले जाते. मतपरिवर्तन झाले असेल तर ते या पाच मिनिटांत झाले आहे.

श्रद्धेला मी कमी लेखतो, असे कुणी म्हणेल. सापालाही जगण्याचा हक्क आहे ही भावना श्रद्धेनेच जिवंत ठेवली, हे मान्य. पण तिच्याच सावलीत मांत्रिकही वाढला. २०१३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला, तेव्हा साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालणे हा गुन्हा म्हणून त्यात स्पष्ट लिहावे लागले. जिथे तसे घडतच नाही, तिथे असे कलम लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सापाच्या फोनचे हे कौतुक शहरी आहे. मरतो तो शेतमजूर. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात मिळते. पण पारशिवनीच्या वावरातून तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आणि जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर पुष्कळदा दुखतही नाही. या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की गावातल्या सर्पमित्राचा फोन मांत्रिकाआधी लागला तर रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचतो. २०२५ साली महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले. ओळखपत्राआधी प्रशिक्षण सक्तीचे केले, तर गळ्यात नाग घालून रील काढणारे आपोआप गळतील.

उरतो पकडलेला साप सोडण्याचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियात रॅटलस्नेकवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परक्या जागी नेऊन सोडलेले साप स्थानिक सापांपेक्षा खूप जास्त प्रमाणात मेले. लांबच्या जंगलात पिशवी रिकामी केली की साप वाचला, हे समाधान म्हणूनच तपासून घ्यायला हवे. काही सर्पमित्र आता फोनवरच विचारतात, साप घरात आहे की अंगणात. अंगणातली धामण असेल तर ते सांगतात, दार लावून घ्या, अर्ध्या तासात ती निघून जाईल. अशा फोनवर कुणी जात नाही, काही पकडले जात नाही, आणि सुटका केलेल्या सापांच्या आकड्यात त्या धामणीची भर पडत नाही.