विद्युत प्रभाराचे मापन आणि प्रकाशाचा वेग : वेबर–कोलराउश प्रयोगाचे ऐतिहासिक स्थान

प्रकाश, विद्युत प्रभार आणि बल या संकल्पना पदवी अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरणांतून शिकविल्या जातात. त्यांना एकत्र आणण्याचे श्रेय सामान्यतः जेम्स क्लार्क मॅक्सवेल या एकाच नावास दिले जाते. त्या एकीकरणास लागणारी संख्या मात्र जर्मनीतील गटिंगेन येथे, प्रकाशाशी काहीही संबंध नसलेल्या एका प्रयोगातून मिळाली होती.

इ.स. १७८५ मध्ये कूलंब याने तारेच्या पिळावर चालणाऱ्या तराजूने दोन प्रभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे दाखविले. पुढे अँपिअरने विद्युतप्रवाहांमधील बलाचा नियम मांडला. त्यामुळे प्रभार मोजण्याची दोन एकके निर्माण झाली : एक स्थिर प्रभारांच्या बलावरून, दुसरे प्रवाहाच्या चुंबकीय परिणामावरून. या दोन एककांचे गुणोत्तर वेगाच्या स्वरूपाचे असते. हा वेग किती, हे शोधण्याचे काम विल्हेल्म वेबर आणि रूडॉल्फ कोलराउश यांनी हाती घेतले व १८५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला.

प्रयोगाची रीत साधी, पण अत्यंत कष्टाची होती. लेडन जारमधील प्रभाराचा काही अंश एका मोठ्या गोलाला देऊन कूलंबच्या पद्धतीने मोजावयाचा, उरलेला प्रभार गॅल्व्हानोमीटरमधून सोडून सुईचे विचलन नोंदवावयाचे. वेबरच्या बलनियमात प्रभारांची सापेक्ष गतीही विचारात घेतलेली होती. त्याच्या व्याख्येनुसार आलेला स्थिरांक सेकंदाला ४,३९,४५० किलोमीटर होता. प्रकाशाच्या वेगाशी ही संख्या जुळत नाही. तिला दोनच्या वर्गमूळाने भागल्यास मात्र ३,१०,७४० किलोमीटर मिळतात! एककांच्या निवडीतील एका गुणकाने मोठा संबंध झाकून ठेवला. १८५७ मध्ये किरखोफने तारेतील विद्युत तरंगाच्या गणितात हे साम्य नोंदविलेही. परंतु तोही तेथेच थांबला. दूरवरून क्रिया करणाऱ्या बलांच्या चौकटीत प्रकाशाला जागाच नव्हती, हे त्याचे खरे कारण मानावे लागते.

मॅक्सवेलपाशी माध्यमाची कल्पना होती. १८६१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील आपल्या घरी त्याने सूत्रे मांडली. वेबरचा आकडा त्याने त्यानंतर पाहिला, असे त्याने फॅरेडेला पत्राने कळविले होते. फीझोच्या १८४९ मधील दातेरी चाकाच्या प्रयोगातून मिळालेला प्रकाशाचा वेग त्याने ३,१४,८५८ किलोमीटर असा घेतला. दोहोंतील फरक जेमतेम दीड टक्का होता. यात योगायोगाचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. आज स्वीकारलेल्या २,९९,७९२.४५८ किलोमीटर या मूल्याहून दोन्ही आकडे जास्त आहेत. म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या. १८६२ मध्ये फूकोने २,९८,००० हे मूल्य दिले, तेव्हा हीच तफावत चार टक्क्यांवर गेली. मॅक्सवेलने १८६५ च्या निबंधात हे सर्व आकडे शेजारी शेजारी छापले, काहीही लपविले नाही. १८६८ मध्ये त्याने स्वतः हे गुणोत्तर मोजले. ते सुमारे २,८८,००० आले, म्हणजे या वेळी चूक उलट दिशेची झाली.

कोलराउश १८५८ मध्येच निवर्तला. वेबर १८९१ पर्यंत हयात होता. १८८८ मध्ये हर्ट्‌झने विद्युतचुंबकीय तरंग प्रयोगाने सिद्ध केल्याचे त्याच्या हयातीतच घडले.