दिल्लीची बातमी आणि इतिहासाचे दप्तर

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मागे वळून पाहताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार येतो. बाजीरावाची १७३७ ची दिल्लीवरील स्वारी, पानिपतचा रणसंग्राम, महादजी शिंद्यांचे वर्चस्व या गोष्टी आपण येथे वाढणाऱ्या मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु 'हे कशावरून?' असे त्यांनी विचारले म्हणजे आपली पंचाईत होते. अभिमानाला आधार हवा, आणि तो कोठे मिळतो हे ठाऊक हवे.

हा आधार मुख्यतः बातमीच्या रूपाने राहिला आहे. पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीत राहून दरबारातील हालचाली पत्रांनी पुण्यास कळवीत. फार्सी अखबारही दक्षिणेत जात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती केवळ त्या दिवसाची बातमी होती. आज तीच इतिहासाचे साधन ठरली आहे.

मात्र ती आपोआप टिकली नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतपर्यंतच्या दशकातील पत्रे आहेत. द. ब. पारसनीस यांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' प्रसिद्ध केली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्याकडून हिंगणे दप्तर संपादित करविले. पारसनीसांच्या संग्रहातील १७६१ ते १७८८ पर्यंतच्या फार्सी बातमीपत्रांना सर यदुनाथ सरकारांनी इंग्रजी रूप दिले.

पूर्वी हे ग्रंथ पाहण्यासाठी पुण्याची वारी करावी लागे. आता यांपैकी पुष्कळसे ग्रंथ 'इंटरनेट आर्काइव्ह'वर घरबसल्या वाचता येतात. जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' उघडले म्हणजे कंपनी सरकारचा पत्रव्यवहार शोधता येतो. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या घटनेची दुसरी बाजूही वाचलीच पाहिजे. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक संग्रहात मोल्सवर्थचा कोश आहे, आणि सामान्य माहितीसाठी मराठी विश्वकोश आहेच.

तथापि सोय झाली म्हणून सावधपणा सोडू नये. ग्रंथाचे नाव देवनागरीत सापडले नाही तर रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहावे. कोणी मजकूर पाठविला की मूळ पत्र कोणत्या खंडात, कोणत्या पृष्ठावर आहे, हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास तो पुढे धाडू नये. पत्रावरील सनही पारखावा. शुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पानिपतची लढाई शुहूर ११६१ मधील. त्यात ६०० मिळविता १७६१ येतात. एवढा हिशेब मुलांना शिकविला तरी पुष्कळ झाले. मोडी वाचणारे हात विरळ होत आहेत. आपल्यापैकी दोघाचौघांनी ती लिपी शिकून घेतल्यास अजून न छापलेल्या कागदांनाही वाचक मिळतील.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. या अंकासाठी मंडळाचे जुने कागद पाहू गेलो, तो आरंभीच्या वर्षांची इतिवृत्ते कपाटात वाळवीने खाल्लेली आढळली. गणेशोत्सवात पहिले नाटक कोणते बसविले, वर्गणी किती होती, याविषयी ज्येष्ठ सभासदांत एकमत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीची बातमी आपणांस मिळते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्याच मंडळाची मिळत नाही, याची आम्हांस खरोखर लाज वाटली. दोष कोणा एकाचा नाही. कागद जपणे हे कोणाचेच काम नव्हते.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की ज्यांच्या घरी निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे वा जमाखर्चाच्या वह्या असतील त्यांनी त्या मंडळाकडे आणाव्यात. त्यांवर तारीख व नावे लिहून, छायाप्रती घेऊन मूळ कागद परत करण्याचे आम्ही योजिले आहे. हीरकमहोत्सवी अंक लिहिणाऱ्यांना 'कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर देता यावे, एवढीच इच्छा.