आधी कोणता पेपर?
(प्रस्तावना)

राज्यशास्त्र घेऊन पदवी करायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे पुस्तक आहे. कोणता पेपर आधी घ्यायचा, हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न दिसतो वेळापत्रकाचा, पण उत्तर देताना सगळा विषयच समोर मांडावा लागतो.

मुंबई विद्यापीठात अनेक वर्षे साधारण असा क्रम रुळला : पहिल्या वर्षी भारतीय राजकीय व्यवस्था, दुसऱ्या वर्षी राजकीय सिद्धांत आणि लोकप्रशासन, तिसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय विचार आणि महाराष्ट्राचे राजकारण. आपल्या घराजवळचे राजकारण सर्वांत शेवटी का? उत्तरासाठी बोरीवलीतल्या महापालिकेच्या आर-मध्य विभाग कार्यालयापर्यंत जाऊ.

पहिल्या वर्षी तिथे संविधान दिसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्थानिक संस्थांना संविधानात जागा दिली, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली. दुसऱ्या वर्षी प्रश्न पडतो : नगरसेवक आपण निवडतो, मग कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे कसे? १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आणि मॅक्स वेबरची नोकरशाहीची मांडणी शेजारी शेजारी ठेवून वाचली, की सत्ता आणि अधिमान्यता हे पाठ केलेले शब्द अर्थ धरू लागतात. तिसऱ्या वर्षी त्याच कार्यालयामागचा इतिहास उलगडतो. १९५७ मध्ये पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि बोरीवली मुंबईत आली. मुंबई कोणाची, हा प्रश्न संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तेव्हा धगधगत होता.

आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला, तो का, हे समजून घ्यायला पहिल्या वर्षीचे कलम पुन्हा उघडावेच लागते. जवळचे शेवटी येते ते यासाठी : ते नीट पाहायला आधीचे सगळे हाताशी लागते.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर निवडताना क्रमाचा थोडा भार विद्यार्थ्यावरही आला आहे. माझा आग्रह एकच : सिद्धांत अवघड म्हणून मागे ढकलू नका. त्याच्याविना चालू घडामोडी नुसत्या बातम्या राहतात.

या, सुरुवात करू. संविधानाची प्रत पहिल्याच आठवड्यात विकत घ्या, आणि पदवी मिळाल्यावर ती रद्दीत देऊ नका.

बोरीवली