खानदेशातील दमेकरी आणि भूल

खानदेशात छाती खराब करणारी दोन जुनी कारणे आहेत: कापूस आणि चूल. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) कापसाला भाव चढला, रेल्वे आली आणि जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापसातून सरकी काढताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की ‘बिसिनोसिस’ जडतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. जळगावच्या जिनिंग कामगारांच्या तपासणीतही श्वसनक्षमता घटलेली आढळली आहे. घरोघरी चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) धुराने बायकांची फुप्फुसे झिजली. विडी आणि क्षयाने त्यात भर घातली.

जुनाट खोकल्याने पोटावर ताण पडून हर्निया होतो. म्हणजे भूल ज्याला सोसत नाही, नेमकी त्याच्यावरच शस्त्रक्रियेची पाळी येते. १८४७ साली कोलकात्यात भूल देण्यासाठी ईथर वापरले गेले. पण ते श्वासनलिकांना झोंबते आणि कफ वाढवते. क्लोरोफॉर्म झोंबत नसे, पण कधी कधी हृदय बंद पाडी. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी पाठीच्या कण्यात औषध टोचून कमरेखालचे अंग बधिर केले. दमेकऱ्यांना खरा आधार मिळाला तो इथे. जागा रुग्ण स्वतः श्वास घेतो, खोकून कफ काढतो. मात्र बधिरता छातीपर्यंत चढली तर खोकण्याचे स्नायूच लुळे पडतात, म्हणून ती खालीच राखावी लागते.

हर्निया किंवा प्रोस्टेटपुरते हे ठीक. पित्ताशय किंवा जठराची शस्त्रक्रिया अवघड, कारण श्वासपटलाजवळ चिरल्यावर दुखण्याने खोल श्वास घेता येत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. वाट मोकळी झाली १९५२ मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ साथीत. भूलतज्ज्ञ बियॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रुग्णांना श्वास देत राहिले. अतिदक्षता विभाग त्यातूनच जन्मला, आणि शस्त्रक्रियेनंतर श्वास अपुरा पडणाऱ्यालाही तिथे सांभाळता येऊ लागले. पुढे श्वासनलिका सैल करणारी हॅलोथेन आणि केटामाइन ही औषधे आली.

धुळ्यानंतर २०१८ मध्ये जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज दमेकरी रुग्णाची तयारी आधीच सुरू होते: विडी बंद, तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम, फवाऱ्याची औषधे. पूर्ण भूल द्यावी लागली तर व्हेंटिलेटरचा वेग कमी ठेवून उच्छ्वासाला जास्त वेळ देतात. नाहीतर हवा आत कोंडून फुप्फुस फुगते आणि रक्तदाब कोसळतो.