आठशे टनांचा गुणाकार आणि विटांचा थर

आजचा एपिसोड एका गुणाकाराचा आहे. घाबरू नका, शाळेतलाच गुणाकार आहे. पण त्याच्या भरवशावर १८४९ साली वेल्समध्ये दीड हजार टनांहून जड लोखंडी नळी उचलायला घेतली, आणि त्या कामात एक माणूस जिवाला मुकला. का, ते सांगतो.

आधी गणित उरकून घेऊ. जेसीबी आला की आपण हातातलं काम सोडून बघत उभे राहतो ना? त्याच्या हातावर जे चकचकीत दांडे आतबाहेर करतात, ते हायड्रॉलिक सिलिंडरचे. आत तेल असतं, पंप त्या तेलावर दाब आणतो आणि पिस्टन सरकतो. जोर किती? दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. बस्स, एवढंच.

समजा सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटिमीटर आहे. त्रिज्या ५, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब २०० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २०४ किलोचा भार. गुणाकार केला की झाले जवळपास १६ टन! आता तोच दांडा आत ओढायचा आहे. त्या बाजूला दांडा स्वतःच जागा अडवतो. तो ६ सेंटिमीटर जाड असेल तर २८ चौरस सेंटिमीटर गेले, उरले ५०. जोर राहिला १० टनांच्या आसपास. म्हणून असा सिलिंडर ढकलताना पैलवान असतो, ओढताना जरा कमी.

हे तत्त्व मांडलं फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापलं गेलं. बंद पाण्यावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून मोठं तोंड छोट्या तोंडाच्या १०० पट असेल, तर एक माणूस १०० माणसांना भारी पडतो. फुकट मात्र काही नाही. छोटा दट्ट्या १०० इंच दाबाल तेव्हा मोठा १ इंच वर येईल.

कागदावर सोपं, पण यंत्र व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. अडचण साधी होती: पाणी गळायचं. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. हा गडी कुलपांसाठी प्रसिद्ध. त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्लीला गळती थांबवण्याचं श्रेय दिलं जातं. त्यानं चामड्याचं वाटीसारखं वॉशर बसवलं. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप आणखी घट्ट चिकटतं. आजच्या रबरी सीलचं हे आजोबाच म्हणा.

आता येऊ वेल्सला. मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेचा ब्रिटानिया पूल बांधत होता. लोखंडी पत्र्यांच्या अवाढव्य चौकोनी नळ्या, आणि त्यांच्या पोटातून आगगाडी जाणार. नळ्या काठावर बनवल्या, पाण्यावर तरंगवत मनोऱ्यांपाशी आणल्या. तिथून साखळ्यांनी वर ओढायच्या. मनोऱ्यावर बसवलेल्या मोठ्या प्रेसचा दट्ट्या २० इंच व्यासाचा होता.

करा हिशेब. २० इंच व्यास, म्हणजे ३१४ चौरस इंच. एका टोकाचा भार ८०० टन धरू. भागाकार केला तर दर चौरस इंचावर अडीच टनांहून जास्त दाब. चौरस इंच म्हणजे कॅरमच्या सोंगटीपेक्षाही थोडी कमी जागा. तेवढ्या जागेवर दोन-तीन छोट्या मोटारी उभ्या केल्यासारखं!

आणि इथेच खरी मेख आहे. पाणी दट्ट्याला वर ढकलतं, तेव्हा सिलिंडरच्या तळाला तितक्याच जोरानं खाली ढकलतं. म्हणजे ८०० टन दट्ट्यावर, आणि तेच ८०० टन तळावर. आपलं सूत्र जोर सांगतं; तो जोर भांडं सोसेल का, हे सांगत नाही.

१७ ऑगस्ट १८४९ ला नळी वर जात असताना त्या प्रेसचा तळ तुटून खाली कोसळला. दोराच्या शिडीवरून चढणारा एक खलाशी त्या धक्क्यानं खाली पडला आणि त्यातच गेला.

नळीचं काय झालं? ती काही इंचच खाली आली. कारण स्टीफन्सननं सक्त ताकीद दिली होती: नळी इंच इंच वर जाईल तसतसं खालून भरत चला, आधी लाकूड आणि मग विटांचं बांधकाम. काम लवकर उरकायचं तर आधी नळी पूर्ण उचलावी आणि बांधकाम मागाहून करावं, असाही विचार होता. स्टीफन्सननं तो मानला नाही. मानला असता, तर अख्खी नळी खाली गेली असती.

चूक गुणाकारात नव्हती, आकारात होती. सिलिंडरचा तळ सपाट होता, भिंतीला काटकोनात मिळणारा. ओतीव लोखंड थंड होताना अशा कोपऱ्यात कच्चं राहतं. पुढचा सिलिंडर तळाशी अर्धगोल ओतला आणि तो टिकला. १८५० च्या मार्चमध्ये पुलावरून गाड्या धावू लागल्या.

आता मला हे आजच का सांगावंसं वाटलं? कारण हाच सिलिंडर छोट्या रूपात तुमच्या गाडीखाली येतो. बाटलीसारख्या जॅकवर ५ टन लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो. पण आतलं सील कधी दगा देईल, ते त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. म्हणून गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरू नका. आधी स्टँड लावा, मगच आत जा. गॅरेजमध्ये काम शिकणारा कुणी मित्र असेल तर त्याला हा एपिसोड नक्की पाठवा.

भेटू पुढच्या भागात!